घड्याळ कोणाचे, पडताळा कोणाचा

आग्रही : संगणकांच्या जाळ्यातली घड्याळे कोणाच्या घड्याळावरून लावायची, हा प्रश्न आपल्या देशापुरता २८ एप्रिल २०२२ रोजी निकालात निघाला, असे मी मानतो. त्या दिवशी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली निर्देश काढले आणि त्यांत पहिलीच अट वेळेची घातली. डेटा सेंटर असो, कंपनी असो की सरकारी कार्यालय, प्रत्येकाने आपली यंत्रे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनपीएलच्या, जाळ्यावरून वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरशी जुळवून ठेवायची. किंवा ज्याच्या वेळेचा माग काढत गेले की शेवटी या दोघांपैकी एकाशी पोहोचता येते, अशा सर्व्हरशी. यात जुलूम काही नाही. सायबर चोरीनंतर तपासाला बसलेल्या माणसाची अवस्था पाहा. फायरवॉलच्या नोंदीनुसार घुसखोर २ वाजून १४ मिनिटांनी आत शिरला आणि डेटाबेसच्या नोंदीनुसार त्याने २ वाजून ११ मिनिटांनी माल उचलला. आत येण्याआधीच चोरी झालेली! अशा नोंदी निर्देशांप्रमाणे १८० दिवस सांभाळून ठेवल्या तरी त्यांचा उपयोग काय?

एकच वेळ पाळण्याचा वाद मुंबईने पूर्वी पुरेपूर घातलेला आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवली आणि पुढे कितीतरी वर्षे एका शहरात दोन वेळा नांदल्या. तेव्हा निभावले, कारण फरक किती हे सगळ्यांना ठाऊक होते आणि तो बदलत नव्हता. दोन सर्व्हरमधला फरक कुणाला ठाऊक नसतो आणि तो रोज बदलतो.

साशंक : एकच वेळ हवी, यावर माझे भांडण नाही. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधता आहात. वेळ कोणाची, हे कायदा ठरवू शकतो. ती माझ्या यंत्रापर्यंत शाबूत आली का, हे कायद्याने ठरत नाही. एनपीएलची सिझियम घड्याळे जागतिक वेळेपासून काही नॅनोसेकंदांच्या आत चालतात, हे मान्य. पण पुण्यातल्या माझ्या सर्व्हरला सिझियम दिसत नाही. त्याला दिसते ४८ बाइटांचे एक पॅकेट.

त्या पॅकेटचे गणित जरा जवळून पाहू. विचारणा पाठवताना माझे यंत्र स्वतःची वेळ टिपते. दिल्लीचे यंत्र दोन वेळा टिपते : विचारणा मिळाली तेव्हाची आणि उत्तर पाठवले तेव्हाची. उत्तर हाती आले की माझे यंत्र चौथी वेळ टिपते. या चार आकड्यांवरून आपले घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे, हे काढण्याची रीत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपीत बसवली आणि ती आजवर टिकली आहे. तिच्यात एक गृहीत धरलेले आहे : जायला जितका वेळ लागला, तितकाच यायला लागला. आता समजा, पॅकेट जाताना १५ मिलिसेकंदांत गेले आणि येताना दुसऱ्या वाटेने, गर्दीतून, ३५ मिलिसेकंदांत आले. एकूण ५० लागले, म्हणून गणित जाणे २५ आणि येणे २५ धरते, आणि माझे घड्याळ १० मिलिसेकंदांनी चुकते. ही चूक त्या चार आकड्यांत कुठेही दिसत नाही. फार तर एवढेच म्हणता येते की ती २५ मिलिसेकंदांपेक्षा मोठी नसणार. दिल्लीचे नॅनोसेकंद दिल्लीतच राहतात.

आग्रही : राहू द्यात. दहा मिलिसेकंदांनी बिघडते कोणाचे, हे आधी सांगा. कार्यालयातल्या लॉगिनची तपासणी करणारी केर्बेरॉस पद्धत साधारणतः पाच मिनिटांचा फरक खपवून घेते. मोबाइलवर बदलत राहणारा सहा आकडी कोड तीस सेकंदांच्या खिडकीत जगतो. तपासासाठी नोंदींचा क्रम लावायला काही दशक मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी बहुतेक वेळा चालते. ज्यांचे खरोखर अडते, ते वेगळे आहेत. युरोपात २०१८ पासून अतिवेगवान सौदे करणाऱ्यांना जागतिक वेळेपासून १०० मायक्रोसेकंदांपलीकडे सरकायला बंदी आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या ५जी टॉवरांना दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहावे लागते. ५० हर्ट्झच्या वीजजाळ्यात एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे फेजच्या मापात ०.०१८ अंशाची चूक. हे लोक मोकळ्या इंटरनेटवरून वेळ घेतच नाहीत. ते पीटीपी ही अधिक काटेकोर पद्धत वापरतात, नेटवर्क कार्डातच वेळ टिपतात, स्विचसुद्धा त्यासाठीचे खास घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पतसंस्थेला यातले काही नको. तिला हवे एक विश्वासू घड्याळ, फुकट आणि कायद्यात बसणारे. आधी गरज मोजावी, मग स्रोत निवडावा. मला तर हा सगळा विषय इथेच संपताना दिसतो.

साशंक : गरज मोजा, हे अगदी पटले. इंटरनेटवरून मायक्रोसेकंद मागणारे आणि हजेरीच्या यंत्रासाठी गच्चीवर अँटेना बसवणारे, असे दोन्ही टोकांचे लोक भेटतात. पण अचूकतेची गरज कमी म्हणून सुरक्षिततेची गरज कमी होत नाही, आणि पतसंस्थेच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे. एनटीपीचे साधे पॅकेट सही-शिक्क्याविना येते. वाटेत बसलेल्या माणसाला ते बदलणे अवघड नाही. घड्याळ मागे नेले तर मुदत संपलेले प्रमाणपत्र पुन्हा चालू दिसते. पुढे नेले तर चांगली चालू प्रमाणपत्रे मुदतबाह्य ठरतात आणि सगळी दारे बंद होतात. २०१५ मध्ये बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एनटीपीवरच्या हल्ल्यांचे एक प्रकरणच मांडले. त्यातली एक गोष्ट आपल्याकडच्या व्यवस्थापकांनी नीट समजून घ्यावी. जुन्या एनटीपी प्रोग्रॅममध्ये एक चांगली राखण आहे : स्रोताची वेळ आपल्यापेक्षा १००० सेकंदांहून जास्त वेगळी दिसली, तर तो ती स्वीकारत नाही, काम थांबवून बाहेर पडतो. पण यंत्र नुकतेच सुरू झाले असेल, तर पहिली उडी कितीही मोठी मारायची मुभा बहुतेक ठिकाणी दिलेली असते. म्हणजे वीज गेली, यूपीएसने मान टाकली, यंत्र पुन्हा उठले, आणि नेमक्या त्या क्षणी राखण दारावर नाही.

हल्लेखोर लागतोच असेही नाही. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे दोन एनटीपी सर्व्हर सुमारे तासभर सन २००० सांगत होते. ती त्या देशाच्या अधिकृत वेळेची एक गादी आहे, कुणा हौशी माणसाचे घड्याळ नव्हे. ज्यांनी त्या दोघांवर, आणि फक्त त्या दोघांवर, भरवसा ठेवला होता, त्यांची जाळी बारा वर्षे मागे गेली आणि लॉगिन बंद पडले. आता तुमचा ‘एक विश्वासू स्रोत’ मला पुन्हा समजावून सांगा.

आग्रही : सही-शिक्क्याच्या अडचणीवर उपाय निघालेला आहे, आणि चांगला निघालेला आहे. २०२० मध्ये एनटीएस प्रमाणित झाले. पहिली ओळख टीएलएसने पटवायची, बँकेच्या संकेतस्थळाशी जोडताना पटवतो तशीच. तिथे किल्ल्या ठरतात आणि सर्व्हर काही कुकी देतो. पुढची प्रत्येक वेळ-विचारणा त्या किल्लीने शिक्कामोर्तब होऊन जाते-येते. यातले सौंदर्य असे की सर्व्हरला लाखो ग्राहकांच्या किल्ल्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, लागते ते सगळे कुकीत बांधून ग्राहकाच्याच हाती दिलेले असते. जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था पीटीबी, स्वीडनची नेटनॉड, अमेरिकेची क्लाउडफ्लेअर असे अनेक जण ही सेवा देतात. ज्या स्रोताकडे ही सोय आहे, तो निवडा आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे ती मागा. सार्वजनिक वेळ-सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येक सरकारी संस्थेकडे ही मागणी गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

साशंक : ही मागणी मीही करीन. फक्त शिक्क्याने काय सिद्ध होते, ते नेमके सांगू. शिक्का सांगतो की हे उत्तर त्याच सर्व्हरने दिले आणि वाटेत कुणी खाडाखोड केली नाही. उत्तर खरे आहे, हे शिक्का सांगत नाही. २०१२ च्या त्या तासात एनटीएस असते, तर सन २००० व्यवस्थित शिक्का मारून आले असते. शिवाय पॅकेट न उघडता, न बदलता, एकाच दिशेला १०० मिलिसेकंद अडवून ठेवले, तर शिक्का शाबूत राहतो आणि माझे घड्याळ ५० मिलिसेकंदांनी सरकते. जाणे आणि येणे सारखे, हे ते गृहीतक कुठल्याही किल्लीने सुरक्षित होत नाही. उशिराला मर्यादा घालता येते, फार लांबलेले उत्तर फेकून देता येते, पण मर्यादेच्या आतला खोडसाळपणा आत येतोच. आणि एक गाठ सुटायची आहे : टीएलएसचे प्रमाणपत्र तपासायला मुळात बरोबर तारीख लागते. बोर्डावरची बॅटरी संपलेले यंत्र उठले की ते कुठल्या तरी जुन्या सालात असते. त्याने प्रमाणपत्राची मुदत कशाच्या जोरावर तपासायची?

म्हणून माझा भर शिक्क्यापेक्षा संख्येवर आहे. एनटीपी चालवण्याची जी उत्तम रीत २०१९ मध्ये लिहून प्रसिद्ध झाली, ती किमान चार स्रोत ठेवायला सांगते. दोन असले आणि ते भांडले, तर कोण खरा हे कळत नाही. तीन असले तर एक खोटा पडला तरी उरलेले दोघे त्याला एकटे पाडतात. चौथा अशासाठी की एखादा बंद पडला तरी तीन उरावेत.

दोघांना इथे क्षणभर थांबवून वाचकाला एक गोष्ट दाखवावीशी वाटते, कारण हा वाद ज्या पडद्यावर रोज घडतो, तो पडदा फार थोडे लोक उघडून पाहतात. लिनक्सच्या यंत्रावर क्रोनी हा प्रोग्रॅम वेळ सांभाळत असेल, तर एक साधा आदेश दिला की स्रोतांची यादी समोर येते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते. तारा म्हणजे सध्या याच्यावरून घड्याळ लावले जाते आहे. अधिक म्हणजे याचेही मत हिशेबात घेतले आहे. वजा म्हणजे हा ठीक आहे, पण तूर्त बाजूला ठेवला आहे. फुली म्हणजे हा खोटे बोलतो आहे असे बाकीच्यांच्या मताने ठरले आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे याच्याकडून उत्तरच आलेले नाही किंवा आलेले उत्तर भरवशाचे नाही. पुढच्या एका रकान्यात ३७७ दिसले की शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर मिळाले आहे. हा आकडा अष्टमान पद्धतीतला. फुली दिसणे ही वाईट बातमी नाही. ती दिसते आहे, याचा अर्थ तुलना चालू आहे. ज्या यादीत एकच ओळ आणि तिच्यापुढे तारा आहे, तिथे फुली उमटायला जागाच नाही. ती यादी स्वच्छ दिसते आणि तिच्यावरून काहीच कळत नाही.

आग्रही : चार म्हणता, पण चार कोण? चार साक्षीदार उभे केले आणि चौघांनीही एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, तर ती साक्ष एकाचीच. जगभरातले बहुसंख्य एनटीपी सर्व्हर आपली वेळ जीपीएसवरून घेतात. चार शहरांतले, चार कंपन्यांचे सर्व्हर निवडलेत, तरी वर गेल्यावर चारही एकाच आकाशाकडे पाहत असतात. मग २६ जानेवारी २०१६ सारखा दिवस उगवतो. एक जुना उपग्रह निवृत्त करताना जमिनीवरच्या यंत्रणेतून चुकीचा आकडा चढला आणि जीपीएसने सांगितलेली जागतिक वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकली. बारा तासांहून जास्त वेळ दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रांवर इशारे वाजत राहिले. त्या दिवशी मतदान घेतले असते, तर खोटे बोलणारे बहुमतात असते.

आणि चार अनोळखी स्रोत गोळा करण्याचीही एक किंमत आहे. स्वयंसेवकांचा जो एनटीपी पूल २००३ पासून चालतो, त्याच्याबद्दल मला आदर आहे. जगातली असंख्य यंत्रे त्या लोकांच्या भलेपणावर वेळ पाळतात. पण तिथे आज कोणाचा सर्व्हर तुमच्या वाट्याला येईल, हे तुम्ही ठरवत नाही. २०१६ च्या सुरुवातीला उघड झाले की शोडान या शोधसेवेने त्या पूलमध्ये आपले सर्व्हर घातले होते, आणि वेळ विचारायला आलेल्या यंत्रांचे आयपीव्ही६ पत्ते टिपून त्याच यंत्रांची झाडाझडती घेतली जात होती. वेळ विचारणे म्हणजे आपण कुठे आहोत हे सांगणे. संस्थेचे प्रत्येक यंत्र बाहेर वेळ विचारायला जात असेल, तर ते चूकच आहे. आत दोन-तीन सर्व्हर ठेवावेत, तेवढेच बाहेर बोलतील, बाकी सगळे त्यांना विचारतील.

आणखी एक. सगळे स्रोत वेळ एकाच रीतीने सांगतही नाहीत. लीप सेकंद आला की गूगलचे सर्व्हर तो एक सेकंद चोवीस तासांवर पसरून टाकतात, तर राष्ट्रीय प्रयोगशाळा तो एका क्षणात घालते. दोघांना एका यादीत ठेवलेत, तर त्या काळात त्यांच्यात अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात! ३१ डिसेंबर २०१६ नंतर लीप सेकंद आलेला नाही, म्हणून हे विसरले गेले आहे. २०३५ पर्यंत ती प्रथा मोडीत काढायचे ठरले आहे, पण तोवर ती जिवंत आहे.

साशंक : बाकी सगळे मान्य, पण आकाशाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मला पुरेसे वाटत नाही. मी स्वतःच्या गच्चीवर अँटेना लावली, खाली चांगला रिसीव्हर ठेवला, तर इंटरनेटची वाट, तिची असमान लांबी, वाटेतला हल्लेखोर, सगळे एका फटक्यात बाजूला होतात. मायक्रोसेकंदाच्या आतली वेळ माझ्याच इमारतीत येते.

आग्रही : आणि वाटेतल्या हल्लेखोराच्या जागी शेजारचा ट्रक येतो. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहे. त्याचा संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा भोवतालच्या गोंगाटापेक्षाही क्षीण असतो. २०१२ मध्ये अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळून जाणाऱ्या एका चालकाने, गाडी कुठे आहे हे मालकाला कळू नये म्हणून, एक छोटा जॅमर लावला होता. विमाने उतरवायला मदत करणारी विमानतळाची यंत्रणा त्याने बिघडत होती. हा नुसता अडथळा. स्पूफिंगमध्ये खोटा संदेश खऱ्यासारखा येतो आणि रिसीव्हर समाधानाने चुकीची वेळ सांगत राहतो. शिवाय जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ वर संपून पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी ती आली, आणि ज्या रिसीव्हरचे सॉफ्टवेअर कुणी अद्ययावत केले नव्हते, ते सुमारे वीस वर्षे मागे जाऊ शकत होते. गच्चीवर अँटेना लावणाऱ्या किती जणांनी त्या रिसीव्हरचे सॉफ्टवेअर पुन्हा पाहिले असेल?

साशंक : मग एका उपग्रहमालेवर विसंबू नका. जीपीएस, गॅलिलिओ, आपले नाविक, सगळे ऐकणारा रिसीव्हर घ्या. नाविकचे दुखणे मला ठाऊक आहे. पहिल्या उपग्रहांतली आयात केलेली रुबिडियम घड्याळे एकामागून एक बंद पडली. पण २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनलेले रुबिडियम घड्याळ आहे. पुढचा एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचला नाही, याचे वाईट वाटते. तरीही मी नाविक यादीत ठेवीन, कारण त्याचे जमिनीवरचे घड्याळघर वेगळे, यंत्रणा वेगळी, चुकण्याची कारणे वेगळी. स्रोत मोजताना मी यापुढे नावे मोजणार नाही, चुकण्याची वेगळी कारणे मोजीन. हे तुमच्या साक्षीदारांमुळे मला स्पष्ट झाले.

पण हाच निकष तुमच्या एनपीएललाही लागतो. अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांतून भारतीय प्रमाणवेळ वाटण्याची योजना आहे. जानेवारी २०२५ मध्ये ती वेळ कायद्याने सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदाही लोकांपुढे आला. अंतर कमी होईल, पॅकेटची वाट आखूड होईल, हे चांगलेच. पण पाच शहरे झाली तरी मूळ एकच. कायदा एक मूळ मागतो आणि सुरक्षितता अनेक मुळे मागते. हा विरोध तुम्ही कसा मिटवता?

आग्रही : कायद्याची भाषा नीट वाचून. तिथे ‘माग काढता येईल’ असे म्हटले आहे. ज्यांची यंत्रे अनेक देशांत पसरली आहेत, त्यांना तर दुसरा प्रमाण स्रोतही चालतो. अट एवढीच की तो एनपीएल आणि एनआयसीपासून ढळता कामा नये. ढळला की नाही, हे ताडून पाहिल्याशिवाय कसे कळणार? मापनशास्त्रात माग काढणे म्हणजे हीच अखंड तुलना, प्रत्येक पायरीवर अनिश्चितता लिहून ठेवलेली. एनपीएलसुद्धा असेच जगते. जागतिक वेळ नावाचे घड्याळ कुठल्याही भिंतीवर टांगलेले नाही. पॅरिसजवळचे आंतरराष्ट्रीय मापन कार्यालय ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळांतल्या चारशेहून अधिक अणुघड्याळांचा हिशेब करून ती काढते आणि दरमहा पत्रक काढून प्रत्येक प्रयोगशाळेला सांगते, की गेल्या महिन्यात तुम्ही इतके नॅनोसेकंद पुढे होता, इतके मागे. दिल्लीलाही आपली चूक मागाहूनच कळते. तरी दिल्लीची वेळ विश्वासार्ह आहे, कारण ती चूक मोजली जाते आणि छापली जाते.

साशंक : हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितले असते, तर निम्मा वाद वाचला असता! म्हणजे घड्याळ लावण्यासाठीचा स्रोत आणि घड्याळ ताडण्यासाठीचा स्रोत, या दोन नेमणुका वेगळ्या आहेत. क्रोनीत यासाठी सोयही आहे : एखाद्या स्रोतापुढे ‘याची निवड करू नये’ एवढे लिहिले की प्रोग्रॅम त्याला सतत विचारत राहतो, फरक मोजत राहतो, पण घड्याळाला हात लावू देत नाही. मी माझ्या जाळ्यात गच्चीवरचा रिसीव्हर आणि एनपीएल लावण्यासाठी ठेवीन, आणि ज्यांच्या चुकण्याची कारणे या दोघांपेक्षा वेगळी आहेत असे दोन निव्वळ ताडण्यासाठी. त्या फरकाची नोंद रोज साठवीन. ती नोंद म्हणजेच माझा माग.

आग्रही : ठीक. आता नोंदीत एक दिवस असा येतो की गच्ची एक सांगते आणि दिल्ली दुसरेच, फरक ४०० मिलिसेकंद. ताडणारे दोघेही गच्चीच्या बाजूचे. तुम्ही काय करता?

साशंक : कोणाचेच ऐकत नाही. थांबतो. साध्या सर्व्हरचा स्फटिक दहा लाखांत दहा भाग चुकला, तर दिवसाला सुमारे ०.८६ सेकंद सरकतो, त्यामुळे त्याच्या जिवावर फार काळ थांबता येत नाही. पण आत एखादे रुबिडियम घड्याळ असेल, तर दिवसाला साधारण मायक्रोसेकंदभर सरकून ते कितीतरी दिवस तग धरते. तेवढ्या वेळात माणूस जागा होतो, फोन करतो, केबल तपासतो. चुकीच्या वेळेकडे धावण्यापेक्षा जुन्या खऱ्या वेळेवर टिकून राहणे बरे.

आग्रही : रुबिडियम ज्याला परवडते त्याला. तालुक्याच्या रुग्णालयात, पतसंस्थेत, नगरपरिषदेत संगणक बघणारा एकच माणूस असतो आणि तोच प्रिंटरही दुरुस्त करतो. रात्री दोन वाजता वाजलेला इशारा तो सकाळी दहाला पाहतो. तुमची व्यवस्था त्याच्यापुढे एक रकाना वाढवते आणि निर्णय त्याच्याच गळ्यात घालते. कायद्याने एक नाव देऊन त्याला त्या ओझ्यातून सोडवले होते. त्या माणसाची बाजू मला सोडवत नाही.

साशंक : मलाही नाही. म्हणूनच त्याच्या नोंदीत वेळेबरोबर शंकाही लिहिलेली असावी, असे मी म्हणतो. गूगलने आपल्या स्पॅनर या डेटाबेससाठी असेच केले आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. तिथे घड्याळ एक आकडा देतच नाही, ‘यापेक्षा आधी नाही, यापेक्षा नंतर नाही’ अशी दोन टोके देते, साधारण काही मिलिसेकंदांच्या अंतराची. आणि दोन व्यवहारांचा क्रम खात्रीने लागेपर्यंत डेटाबेस थांबतो. छोट्या संस्थेला स्पॅनर नको. पण २ वाजून १४ मिनिटे ७ सेकंद, अधिक-उणे ४०० मिलिसेकंद, एवढे लिहिणे जमण्यासारखे आहे. क्रोनीला हा अंदाज आधीच ठाऊक असतो. आपणच तो नोंदीत उतरवत नाही.

आग्रही : आणि ती नोंद न्यायालयात जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते : त्या काळात संगणक नीट चालत होता, किंवा नसला तरी त्याने नोंदीच्या अचूकतेला बाधा आली नाही. खाली त्या एकट्या माणसाची सही. ज्याने कायद्याचा एकच स्रोत लावला आणि दुसरा कधी पाहिलाच नाही, तो निर्धास्त सही करतो. ज्याने चार पाहिले, फरक टिपला, शंका प्रामाणिकपणे लिहून ठेवली, त्याचा पेन तिथे अडखळतो. तुमच्या वाटेने गेलेल्या त्या माणसाने सही करावी की नाही?

साशंक : करावी, आणि शंकेची नोंद प्रमाणपत्राला जोडावी. न्यायाधीश तिचा काय अर्थ लावतील, हे मात्र मला आज सांगता येत नाही.